फाटकाशी आलेली शालू

कॅमेरा फाटकाकडे वळवून घट्ट बसवत फिटर रफिक म्हणाला, "मावशी, यात तासाभरानंतरचं दिसतं. चोर यायच्या आधीच तुम्ही सावध."

हेमाताईंनी पडद्याकडे पाहिलं. फाटकाशी त्यांची धाकटी बहीण शालू उभी होती. आईच्या आजारपणात दोघींचं बिनसलं, तेव्हापासून तिने इकडे पाऊल टाकलं नव्हतं. तिने कडीला हात लावला, घुटमळली आणि तशीच परत फिरली.

"हे असंच होणार?" ताईंनी विचारलं.

"आपण काही केलं नाही तर."

रफिक गेल्यावर ताई फाटक सताड उघडून तिथेच खुर्ची टाकून बसल्या. रिक्षातून उतरलेली शालू त्यांना पाहून थबकली.

"उन्हात का बसलीस, ताई?"

"तुझी वाट बघत होते," म्हणत ताईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली. शालू मागोमाग आत आली.