सुरी हातात देताना

दोर नंदनच्या घोट्याला आवळला होता आणि दुसऱ्या टोकाला बांधलेली होडी प्रवाहात ओढ घेत होती. मे महिना असला तरी कॅनडातल्या अल्बर्टाचं पाणी ते. कमरेखाली आपल्याला पाय आहेत की नाहीत, हेच त्याला कळेना. काठावरून आडव्या पडलेल्या झाडाला त्याने एका हाताने मिठी मारली होती. त्याची बायको ऊर्मी त्याच झाडावर पालथी पडून पुढे सरकत होती. एडमंटन तीन तास लांब, फोनला सिग्नल नाही, आसपास चिटपाखरू नाही. पाण्यात नंदन होता, पण भीतीने दात तिचे वाजत होते.

तिने कमरेच्या म्यानातून सुरी काढली. गेल्या शनिवारी दोघांनी ती घेतली होती, एकमेकांशी एक शब्दही न बोलता. नंदनला लांब, चकचकीत, घडीची हवी होती. ऊर्मीने दुकानदाराला सांगितलं, बिजागरी नको. आखूड, जाड पाठीची, पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असेल अशी दाखवा. नंदननेही उत्तर दुकानदारालाच दिलं. तो बिचारा नुसता मान इकडून तिकडे वळवत राहिला.

फेब्रुवारीपासून घरात हेच चाललं होतं. नागपूरला ऊर्मीचे बाबा आजारी पडले, तेव्हा माझं सॉफ्टवेअर रिलीज होऊ दे, दोन आठवड्यांनी जाऊ, असं नंदन म्हणाला होता. बाबा दहाव्या दिवशी गेले. ऊर्मी भांडली नाही. ती बेसमेंटमध्ये झोपायला लागली. या ट्रिपनेही काही बदललं नाही, तर जूनमध्ये ती कायमची परत जाणार होती. नंदनला त्या रिकाम्या घराची या नदीइतकीच धास्ती होती.

त्याने मोकळा हात पुढे केला. ऊर्मीने सवयीने सुरी त्याच्यासमोर झाडावर ठेवली. धारेची वस्तू हातात द्यायची नाही, भांडण होतं. खाली ठेवायची, दुसऱ्याने उचलायची. आईने लहानपणापासून हेच शिकवलं होतं. सुरी ओल्या सालीवरून घसरली. ऊर्मीने झडप घालून ती अगदी कडेला धरली. तळव्यातून रक्त आलं.

"ऊर्मी, हातात दे," नंदन म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते. "भांडू घरी जाऊन."

तिने सुरीची मूठ त्याच्या हातात दिली आणि त्याची बोटं घट्ट मिटेपर्यंत सोडली नाही. एका हाताने फांदी धरून तो खाली वाकला. डोकं पाण्याखाली गेलं. मग होडी एकदम सुटली आणि एकटीच वळणापलीकडे गेली. नंदन खोकत वर आला.

गाडीत हीटर पूर्ण लावला होता. हायवे लागला.

"दोन आठवडे म्हणालास तू," ती म्हणाली.

मग एडमंटन येईपर्यंत दोघं भांडले. बाबांवरून, तिकिटावरून, होडी कशी बांधायची यावरूनसुद्धा. गाडी गॅरेजमध्ये लागली तेव्हा भांडण अर्धंच झालं होतं. ते पुरं करायला ऊर्मी बेसमेंटचा जिना सोडून वर बेडरूममध्ये गेली.