उकिरड्याचा पांग

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, पण भिवंडीबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगराचा असा काही फिटला, की तानीचा नुसता जळफळाट झाला. त्याच्या अंगावर काळ्या मातीचा जाड थर पडला, रोपं लागली, रोज पाण्याचा टँकर यायला लागला. आणि पायथ्याशी तिच्या शेतात यंदा नुसते दगड वर आलेले. "पावसानं माती व्हावून नेली," नवरा बारक्या म्हणाला होता.

एक दिवस ती गवत कापायला वर चढली. गवतात नाचणी डोलत होती, तांबड्या कणसांची. लग्नात आईनं दिलेलं हे बियाणं अख्ख्या पाड्यात ती एकटीच पेरायची.


संध्याकाळी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "काय रं, पावसाचा पानी आपली माती घेऊन डोंगर चढाया कधीपासून लागला?"