गवत

मठाधिपतींच्या राजवाड्याचं आधुनिक कलेचं संग्रहालय झालं, आणि तिथला प्रमुख राडोमिर सगळ्यात जास्त मिरवायचा ती 'गवत' नावाची कलाकृती. तळघराच्या दुरुस्तीत मिळालेलं एक जळकं दार एका नामांकित शिल्पकाराने पांढऱ्या भिंतीवर उंच टांगलं होतं. काळ्या लाकडावर ओरखडे. खाली दाट, वर एकदम विरळ. थेट वाऱ्यावरचं गवत.

मृतांच्या स्मरणाच्या दिवशी एक म्हातारी कबरीवर लावायचा लाल काचेचा दिवा घेऊन आली आणि दारासमोर थांबली.

"आजी, दिवा इथे नाही चालणार. दफनभूमी पलीकडे आहे," राडोमिर म्हणाला.

"माहितीय रे. हे दार उलटं टांगलंयत तुम्ही."

राडोमिरला हसू आवरेना. "अहो, या कलेत उलटं-सुलटं काही नसतं."

"नसेल बाबा. तुम्ही शिकलेली माणसं." तिने खालच्या दाट ओरखड्यांवर तळहात ठेवला. "युद्धात सैनिकांनी आमच्या लोकांना इथल्याच तळघरात कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि आग लावली. ही मोठ्या माणसांची नखं."

राडोमिरचं हसू मावळलं. म्हातारी टाचा उंचावून वरच्या दोन-चार बारीक ओरखड्यांकडे हात नेत होती. हात पोचेना.

"तो आमचा टिमेक. माझा धाकटा भाऊ, चार वर्षांचा. त्याला खाली घे रे पोरा. उंचावर फार घाबरायचा तो."