नेपाळचा खड्डा

“आणि ही नेपाळची रेघ,” पूर्वा म्हणाली आणि तिने लॅपटॉप पाहुण्याच्या पोह्यांच्या बशीला भिडवला.

कर्वेनगरच्या त्या दिवाणखान्यातून आजवर सहा स्थळं या लॅपटॉपने पळवून लावली होती. नेपाळ आणि श्रीलंका या दोन देशांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बाहेरून किती प्लायवूड, एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड मागवलं, यावर पूर्वाची पीएच.डी. चालली होती. मुलगा सौजन्याने ‘तुमचा विषय काय?’ असं विचारायचा आणि पस्तावायचा. एकाला अचानक मीटिंग आठवली, एकाला गाडी नो-पार्किंगमध्ये लावल्याचं. एक तर सरळ पेंगला.

“लग्न करायचंय की प्लायवूडचं दुकान काढायचंय?” तिची आई, श्रद्धाताई, कपाळाला हात लावायच्या.

“ऐकणारा भेटला की करीन,” पूर्वा म्हणायची. म्हणायची चेष्टेत, पण तिला मनापासून तेच हवं होतं. ज्याच्याशी जन्मभर बोलायचं, त्याने आपलं बोलणं जांभई न देता ऐकावं, एवढंच.

श्रद्धाताई पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेत. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता त्यांनी ते भाषण सहाही वेळा ऐकलं होतं. आजही सकाळी त्या फोन खांद्याने कानाशी धरून कुणाला तरी बजावत होत्या, “पंधरा. लक्षात ठेवा हं. चौदा नाही की सोळा नाही.” आयत्या वेळी आकडा बदलणाऱ्या गिऱ्हाइकांना त्या अशाच दटावत.

आजचं स्थळ विश्वजीत. पिंपरीच्या कारखान्यात इंजिनिअर, आईवडील सोलापूरला, म्हणून एकटाच आलेला. त्याने पोह्यांना हातही लावला नव्हता. तो पडद्यावर वाकला, नेपाळच्या रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं, मागे आला आणि पुन्हा पहिल्यापासून फिरवलं. इतकं निरखून तर गाईडबाईही पाहत नसत.

“पंखा वाढवू का?” पूर्वाने विचारलं. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

“नको, नको.” त्याने घसा खाकरला. “नेपाळची रेघ मध्ये कुठेच खाली आली नाही?”

“म्हणजे?”

“नाही, मला वाटलं, दोन हजार पंधराला तरी खड्डा असेल.”

पूर्वा खुर्चीतून उठलीच. “अहो, होता! त्या वर्षीचा आकडा मिळाला नव्हता आणि मी मूर्खासारखं तिथे शून्य भरलं. वर भूकंपाचं कारण देत येईल त्याला तो खड्डा समजावत बसले. परवा गाईडबाईंनी झापलं, तेव्हा कुठे खरा आकडा शोधून भरला. पण तुम्हाला हे सुचलं कसं?”

“असंच,” विश्वजीत म्हणाला आणि पेलाभर पाणी एका दमात प्यायला. मग जरा सावरून म्हणाला, “म्हणजे आकडा नसणं वेगळं आणि शून्य असणं वेगळं. मग लंकेचे सगळे आकडे मिळाले का?”

लंकेचे आकडे संपेपर्यंत पोहे गारढोण झाले. ते त्याने तसेच हसत हसत संपवले आणि निघताना पुढच्या रविवारी येऊ का, असंही विचारलं.

त्याचा जिना उतरल्याचा आवाज विरला तशी पूर्वा स्वयंपाकघरात धावली.

“आई, हो म्हणून कळव!”

“इतक्यात? विचार तरी कर.”

“विचार कसला? त्याने काय विचारलं, ऐकलंस ना? समोर सरळ रेघ असताना त्याला खड्डा असायला हवा होता असं वाटलं! अशी नजर लाखात एकाची असते.”

“ऐकलं,” म्हणत श्रद्धाताईंनी तव्यावरची पोळी जरा जोरातच उलटली.

“मग चिडलीस कशाला?”

“चिडू नको तर काय करू? खड्डा बुजवलास, तर आईला आधी सांगायचं नाही होय? घाम फुटला ना बिचाऱ्याला!”