एका ओळीत दोघं

राधाकिशनने नेहमीची कमांड टाकली, एंटर दाबलं आणि खुर्ची मागं सरकवून उभाच राहिला. कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर नावं धावत होती. दर साली ती घटकाभरात थांबायची. यंदा थांबेचनात.

"बिघडलं बे हे," तो स्वतःशीच पुटपुटला.

पाटोद्यातलं हे ऑफिस म्हणजे ऊसतोड मजुरांसाठी चालणाऱ्या एका लहानशा संस्थेच्या दोन खोल्या. टोळ्या कारखान्यावर निघायच्या आधी राधाकिशन यादी काढायचा, आणि यादीत नाव असेल त्याला दवाखान्याचं कार्ड छापून द्यायचा. एका कोयत्याला एक ओळ. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. ओळीत नाव मात्र नवऱ्याचं.

टेबलासमोर छबुबाई उभी होती. ही तिची तिसरी खेप. बाहेर ट्रक भरून तयार होता, पत्रे, भांडी, शेळ्या सगळं चढलं होतं. तिला दमा होता. गेल्या साली उसाच्या फडात श्वास कोंडला, तर तिथल्या दवाखान्यात "कार्डवाला कुठंय?" म्हणून तिला दारातच बसवून ठेवलं. यंदा कार्डवाला नवरा पाय मोडून घरी पडलेला, आणि ती जावेच्या जोडीनं निघालेली.

"बगा की भाऊ अजून एकदा," ती म्हणाली. "दम्याच्या पंपाबिगर मरन मी तितं."

"मावशी, किती डाव सांगू? तुमचं नाव न्हाई. असल तर दीन ना."

बोलायला तो बोलला, पण नजर पडद्यावरच होती. नावं थांबली. खाली आकडा आला: तीन हजार सहाशे चौदा. कालपर्यंत तो अठराशेच्या आतबाहेर होता.

वर इंग्रजीत दोन ओळी आल्या होत्या. त्या त्याने बोट ठेवून वाचल्या. रातोरात प्रोग्रॅम नवा झाला होता. आजवर वेगळं काही सांगितलं नाही, तर तो फक्त कुटुंबप्रमुख दाखवायचा. आता वेगळं काही सांगितलं नाही, तर सगळी माणसं दाखवणार होता. जुनी पद्धत हवी असेल त्याने कमांडच्या शेवटी एक शब्द जोडायचा.

तो नावं वाचायला लागला. बापरे! बाप्याच्या नावाखाली बाई, पुन्हा बाप्या, पुन्हा बाई. ही नावं कुठून आभाळातून पडली नव्हती. पाच वर्षांपूर्वी कागदी फॉर्मवरून ती त्यानेच टाईप केली होती, आणि पार विसरून गेला होता. मग आसाराम आला, त्याचा बाप. खाली वत्सलाबाई, त्याची आई.

तापानं फणफणलेली आई एका साली कार्ड मागायला आली होती. तिलाही तो न्हाई म्हणाला होता.

"यादी एवढी लांब कावून बे?" संस्थेचे प्रमुख बबनराव आतल्या खोलीतून येऊन त्याच्या मागं उभे राहिले. "कोयते डबल झाले का काय?"

त्याने सांगितलं. बबनरावांनी ऐकून घेतलं. "लई कटकट हाय ही. आधीसारखं कर."

राधाकिशनने कमांडच्या शेवटी तो शब्द जोडला. एंटर. यादी आखडली. वत्सलाबाई गेली. त्याने शब्द काढला. एंटर. वत्सलाबाई आली. त्याने पुन्हा जोडला, पुन्हा काढला. एका शब्दासरशी अठराशे बाया जात होत्या, आणि गप्प बसलं की आपसूक परत येत होत्या.

"अण्णा, आधीसारखं न्हाई व्हायचं."

"कावून? आत्ता तर झालतं."

"झालतं. मी न्हाई करायचो."

बबनरावांनी खाली वाकून पडद्यावरची नावं बघितली. मग हळूच म्हणाले, "एवढ्या बाया आत व्हत्या?"

"पैल्यापासून, अण्णा."

छबुबाईचं नाव मधेच कुठंतरी होतं. राधाकिशनने शोधलं, कार्ड छापलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. तिला वाचता येत नव्हतं. त्याने बोटानं दाखवलं.

"हे मी?"

"हां मावशी. तुमी."

"आन् आजपस्तोर कुठं व्हते?"

"हितंच."

"मंग न्हाई कावून म्हणत व्हता?"

उत्तराची वाट तिने बघितली नाही. कार्ड कमरेच्या पिशवीत घातलं आणि गेली.

बाहेर ट्रकचं इंजिन सुरू झालं, आणि लगेच बंद पडलं. पाठोपाठ कालवा उठला. ड्रायव्हर शिव्या घालत होता, "आमाला बी कार्ड पायजे" म्हणून बाया त्याच्यावर ओरडत होत्या. राधाकिशन दारात जाऊन बघेपर्यंत टोळीतल्या झाडून साऱ्या बाया ट्रकच्या फाळक्यावरून खाली उतरून ऑफिसच्या पायऱ्या चढत होत्या.

तो येऊन खुर्चीत बसला. सगळ्यात पुढं कडेवर लेकरू घेतलेली एक पोरसवदा बाई होती.

"सांगा," तो म्हणाला.

"तानाजीचा कोयता."

"तानाजी दिसला मला. तुमचं नाव सांगा."

तिने पदर सारखा केला. मागं वळून बाकीच्यांकडं बघितलं.

"माजं?"

"तुमचंच."

"मोहिनी," ती म्हणाली. आणि तिच्या मागची बाई तोंडातल्या तोंडात स्वतःचं नाव घोकायला लागली.