ऊबदार जागा

म्हातारा बैल कामातून गेला, तसं मालकाने ऐन थंडीत त्याला गोठ्याबाहेर काढलं. अंगावरचं गोणपाटही ओढून घेतलं नि नव्या गाईवर घातलं.

"अहो, जन्मभर राबलाय तो," बायको म्हणाली.

"मग काय आता बसून खायला घालू? दार लाव, गारठा आत येतोय."

बैल बराच वेळ बाहेरून दाराला शिंग घासत राहिला. सकाळी तो कोबीच्या वाफ्यात ताठून पडलेला सापडला. मालकाने त्याला बांधाकडेला पुरलं नि हात झटकले.

दुसऱ्या दिवशी दव गोठून सारं शेत पांढरं झालं होतं. फक्त कोबीत एक जागा कोरडी होती, बसलेल्या बैलाएवढी. मालकाने हात लावून पाहिला. माती ऊबदार होती.

"कुत्रं निजलं असेल," तो म्हणाला. एवढं थोरलं कुत्रं आसपास कुणाकडेच नव्हतं.

मग ती जागा रोज पुढे सरकू लागली. कोबीतून विहिरीपाशी, विहिरीपासून अंगणात. काल तर ती उंबऱ्याला टेकली होती.

आज मात्र अंगण सगळं पांढरंशुभ्र होतं. मालक नुसत्या बंडीवर बाहेर आला, कोपरान् कोपरा बघितला नि हसला. "टळली एकदाची पीडा!"

तेवढ्यात घरातून बायकोचा झोपाळलेला आवाज आला, "अहो, किती ऊब आहे आज तुमच्या अंगाला! उठून तेवढं दार लावा ना, गारठा आत येतोय."

मालक दाराकडे धावला, तोच आतून कडी लागली.