काच कोणी फोडली

"दुखतं ते मला," बाई डॉक्टरांना म्हणाल्या, आणि शेजारच्या खुर्चीत बसलेले त्यांचे यजमान दचकून त्यांच्याकडे बघायला लागले. घरून निघताना त्यांना एवढंच सांगितलं होतं की माझं बीपी दाखवून यायचंय, सोबत चला.

बाईंनी तीस वर्षं शाळेत शिकवलं. सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते आणि लाडात आले की यजमानही. वर्गात काच फुटली आणि कोणी कबूल झालं नाही, तर बाई कधी छडी उगारत नसत. "बरं, मग मीच फोडली," असं म्हणून स्वतः मुख्याध्यापकांकडे निघत. दारापर्यंत पोचायच्या आत कोणीतरी रडवेलं होऊन उभं राही. एकदा तर एका काचेसाठी दोन मुलं उभी राहिली होती.

आज त्यांनी तीच युक्ती काढली होती, कारण शेजारच्या खुर्चीतली असामी शाळेतल्या पोरांपेक्षा बेरकी होती. यजमानांचं कुलूपदुरुस्तीचं दुकान, म्हणून गल्लीत ते कुलूपवाले. त्यांनी उभा जन्म दुसऱ्यांची कुलपं उघडून दिली, पण पोटातलं ओठावर येईल तर शपथ. महिनाभर संध्याकाळच्या फिरण्यात ते चढावर तीनदा थांबत होते. पहिल्यांदा पोस्टाच्या पेटीपाशी बुटाची नाडी बांधायला, मग पडद्यांच्या दुकानासमोर, मग वळणावरच्या बाकाशी. ज्या माणसानं घरातला एक पडदा कधी निवडला नाही, तो रोज पाच-पाच मिनिटं काचेतून पडदे बघायचा, एक हात छातीशी धरून. बाई घाई करत नसत. त्याही निमूटपणे पडदे बघत उभ्या राहत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "गॅस आहे गं." डॉक्टरचं नाव काढलं की कुलूपवाले दोन दिवस तोंड फिरवून बसत. या माणसाशिवायचं घर कसं असेल, हा विचार बाईंनी एकदा करून पाहिला आणि अर्ध्यातच टाकून दिला. त्यांना फार भीती वाटली होती.

"कधी दुखतं?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी धडा पाठ असल्यासारखं सगळं सांगितलं. चढ लागला की छातीवर वजन ठेवल्यासारखं होतं, दोन मिनिटं थांबलं की जातं, घरी बसल्या-बसल्या काही नाही. आणखी कुठे दुखतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. जबड्यात, बाई म्हणाल्या, आणि पाठीत, दोन खांद्यांच्या मधे.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग शांतपणे समजावून सांगितलं, की हृदय सगळ्या अंगाला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतंच. ते नेणाऱ्या नळ्या आतून अरुंद झाल्या, तर बसून असताना कसंबसं भागतं. चढ लागला की हृदयाचं काम वाढतं, रक्त कमी पडतं आणि ते दुखून सांगतं. थांबलं की गप्प होतं, म्हणून माणसाला वाटतं गॅस होता, गेला. अशा वेळीच आलात तर पुष्कळ काही करता येतं. नाही आलात, तर एक दिवस थांबूनही दुखणं थांबत नाही.

असं म्हणून त्यांनी बाईंच्या नावानं ईसीजीची चिठ्ठी लिहायला घेतली.

कुलूपवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खुर्चीतून उठले आणि हात खाली सोडून, वर्गात उभं राहावं तसे उभे राहिले.

"हिला काही नाही, डॉक्टर. दुखतं ते मला."

मग कुलूप असं निघालं की थांबेना. नाडी, पडदे, बाक, सगळं बाहेर आलं. ऑपरेशनला छाती उघडतील अशी भीती होती, हेही आलं. हिला कळलं तर ही जेवणार नाही, म्हणून लपवलं, असंही म्हणाले. बाईंचे डोळे भरून आले, पण ओठांवर हसू होतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवरचं नाव खोडून यजमानांचं नाव घातलं.

"चाळीस वर्षं संसार केला," बाई पर्स उचलत म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं नाही म्हणून मला दिसत नाही की काय?"

कुलूपवाले ओशाळून हसले. मग त्यांचं हसू हळूहळू मावळलं. कुलपात किल्ली अर्धवट फिरून अडली की त्यांच्या कपाळावर जी आठी पडायची, ती पडली.

"पण जबडा कुठून आणलास?" ते म्हणाले. "माझा जबडा कधी दुखला नाही. पाठही नाही."

बाई पर्सचं बटण उघडायला लागल्या, मिटायला लागल्या. पडद्यांच्या दुकानासमोर आपण थांबलो की ही कधीच चला म्हणायची नाही, हे कुलूपवाल्यांना आठवलं. उलट एखाद्या दिवशी आपल्या आधी तीच थांबायची. डॉक्टरांनी दुसरी चिठ्ठी पुढे ओढली.

कुलूपवाल्यांनी पर्सवरचा तो चाळा करणारा हात आपल्या हातात घेतला.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आता तुम्हीही उभ्या राहा."